आजीच्या लुगड्यांची वाकळ इंग्लंडला पाठवताना

माझ्या धाकट्या बहिणीला जानेवारी २०२५ मध्ये मुलगी झाली. बहीण आणि तिचा नवरा इंग्लंडला असतात, ती तिथे नर्स आहे. बाळासाठी आजीच्या लुगड्यांची वाकळ (हाताने शिवलेली गोधडी) आणि आईने शिवलेली झबली, बहिणीसाठी आतेने विणलेली क्रोशाची शाल, असं एक पार्सल आम्ही डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावाहून तिकडे पाठवलं. ते नीट पोचलं आणि वापरातही आलं. हे लिहायचं कारण एवढंच की सुरुवात करताना मला कुठेच सगळं एका जागी मिळालं नाही. वाकळ कशी शिवायची ते सांगणारे टपालाचं काही बोलत नाहीत. टपालाचे दर सांगणारे, घरात कुणाची समजूत कशी घालायची, त्याविषयी बोलत नाहीत. आणि या कामात ते दुसरं जास्त जड जातं.

नोव्हेंबरात तुळशीचं लग्न झालं आणि आजीने पेटारा उघडायला सांगितला. बहिणीने फोनवर एवढंच मागितलं होतं, "विकतचं काही नको गं ताई, आजीच्या अंगावरचं काहीतरी पाठव." आमच्याकडे तान्ह्या बाळाला नवं कोरं कापड लावत नाहीत, जुनेर लावतात. वर्षानुवर्षं धुऊन मऊ पडलेलं सूत बाळाच्या अंगाला टोचत नाही, घाम टिपतं आणि लवकर वाळतं. आजी ऐंशी ओलांडल्यावर पाचवारी नेसायला लागली, त्यामुळे तिची नऊवारी लुगडी पेटाऱ्यातच होती. बहुतेक बेळगावच्या शहापुरातली, जाड सुताची, रुंद काठांची. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. बाळाच्या वाकळीला एवढं लागतच नाही, त्यामुळे खरा प्रश्न होता कोणतं घ्यायचं आणि कोणतं ठेवायचं.

निवड कशी करायची ते आजीने दाखवलं. लुगडं दारात उजेडासमोर धरायचं. जिथून उजेड चाळणीतून यावा तसा येतो, तो भाग विरलेला. बसायचा भाग आणि निऱ्या आधी विरतात. पदराकडचा आणि काठालगतचा भाग टिकतो. चांगल्या भागाला बोटाने टिचकी मारली की कापड ताठ वाजतं, विरलेलं नुसतं हलतं. तिच्या एका हिरव्या लुगड्यावर हाताएवढ्या जागेत रफू होतं, इतकं बारीक की बोट फिरवल्याशिवाय कळत नव्हतं. ते माझ्या पणजीने केलेलं. लुगडं काटेरी कुंपणाला अडकून फाटलं तेव्हा आजी नवी सून होती, आणि सासूने काही न बोलता रात्री बसून ते भरून दिलं. आजीने हे आम्हाला याआधी कधी सांगितलं नव्हतं. तो रफूचा तुकडा वाकळीच्या वरच्या थरात, अगदी मधे घ्यायचा हे त्याच क्षणी ठरलं.

इथे एक कामाची गोष्ट. जुन्या लुगड्यांचा रंग जातो का ते तुकडे करण्याआधीच बघा. पांढरं फडकं ओलं करून लुगड्याच्या कोपऱ्यावर जोर लावून घासायचं. फडक्याला रंग आला तर ते कापड बाजूला. बाळ वाकळ तोंडात घालणार, ती वारंवार धुतली जाणार. आजीचं एक डाळिंबी लुगडं या परीक्षेत उतरलं नाही. ते आजोबांनी म्हापशाहून आणलेलं होतं आणि तिला तेच सगळ्यात आधी लावायचं होतं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग ते स्वतःच घडी घालून पेटाऱ्यात ठेवलं. उरलेली लुगडी कढत पाण्यात साबण लावून धुतली आणि नोव्हेंबरच्या उन्हात दोन्ही बाजूंनी कडक वाळवली. गोव्यात हे काम पावसाळ्यात काढू नका. जून ते सप्टेंबर कापड आतून वाळत नाही, थरांमध्ये ओल राहते आणि बुरशीचा वास बसला की तो निघत नाही.

त्यानंतर बहिणीशी फोनवर बोलणं झालं आणि आमचा सगळा बेतच पालटला. मी तिला माप विचारत होते, तर ती म्हणाली की एक वर्षाखालच्या बाळाला पाळण्यात गोधडी, दुलई आणि उशी द्यायचीच नाही, असा तिथल्या आरोग्यसेवेचा सल्ला आहे. बाळ झोपतं त्या जागी गादी सपाट आणि घट्ट हवी, मऊ आणि सैल काही नको. खोलीचं तापमान सोळा ते वीस अंशांत ठेवतात आणि बाळाला अंगासरशी झोपायची पिशवी घालतात. श्वास कोंडण्याचा आणि अंग जास्त तापण्याचा धोका टाळायला हे सगळं. ती स्वतः नर्स, रोज नव्या आयांना हेच समजावते. तिला ते आपल्या घरी मोडायचं नव्हतं आणि आजीला दुखवायचंही नव्हतं, म्हणून तिने ते मला सांगितलं.

मी ते आजीला जसंच्या तसं सांगितलं. कुणी नाराज होईल म्हणून अर्धवट सांगण्यात अर्थ नसतो, वस्तू तिकडे जाऊन कपाटात पडते. आजीने विचारलं, मग ते मूल दिवसा जमिनीवर ठेवतात की नाही? ठेवतात. जागं असताना पोटावर पालथं घालतात, मानेला बळ यावं म्हणून, आणि तेव्हा कुणीतरी शेजारी बसलेलं असतं. "मागीर जमनीर घालूंक कर," आजी म्हणाली. मग वाकळ अंथरायची ठरली. माप तीन फूट बाय चार फूट, म्हणजे मुलगी चार-पाच वर्षांची होईपर्यंत दुपारी अंगावर घेता येईल. बटणं, आरसे, गोंडे काही नाही. चारही कोपऱ्यांवर आजी पूर्वी कापडाची त्रिकोणी फुलं लावायची. शेजारच्या उत्तर कन्नडात सिद्दी समाजाच्या बायका त्यांच्या गोधडीला, म्हणजे कवंदीला लावतात, तशीच. ती आम्ही लावली, पण कडा पूर्ण शिवून, बाळाचं बोटही आत जाणार नाही अशी.

माझं मत आता पक्कं झालं आहे. घरी केलेली भेट ही घेणाऱ्याच्या घरात मावायला हवी. आपल्या मायेचं माप त्यांच्या जगण्याला लावून चालत नाही. बहिणीने आधी स्पष्ट सांगितलं म्हणून हे जमलं. तुम्हीही सुई हातात घेण्याआधी विचारा. ज्याच्यासाठी करायचं त्याने आधीच सगळं पाहिलं तर त्यातली गंमत जाते असं काहींना वाटतं. मला तसं वाटत नाही.

आईचं मात्र कठीण होतं. तिला मोहरीची उशी करायची होती, डोकं गोल होतं म्हणून आपल्याकडे सगळे करतात तशी. बहिणीने सांगितलेल्या सल्ल्यात उशी तर बसतच नव्हती, शिवाय बिया परदेशात पाठवायच्या म्हणजे वनस्पतींच्या नियमांची भानगड वेगळी. मग म्हणाली, निदान डिंकाचे लाडू. तेही नाही, कारण भारतातून तिकडे दूध आणि दुधाचे पदार्थ टपालाने पाठवता येत नाहीत आणि आमचे लाडू साजूक तुपातले. आई दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं सोडून तिकडे, आणि हातचा लाडूसुद्धा पोचवता येत नाही, याचं तिला फार लागलं होतं. मला त्यावर सांगण्यासारखं काही नव्हतं. मग एका संध्याकाळी तिनेच बाबांची जुनी मलमलची धोतरं काढली आणि झबली बेतली. पाठीमागे बांधायचे बंद असतात ते टाळून तिने पुढून एकावर एक येणारी, आतल्या बाजूला छोटी गाठ बसणारी झबली केली. शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवल्या, बाळाच्या अंगाला लागू नयेत म्हणून. लाडवांची कृती तिने फोनवर बहिणीच्या नवऱ्याला सांगितली, आणि त्याने तिथे केले.

आते राहते हळदोण्याला. क्रोशा ती लहानपणी शेजारच्या ख्रिस्ती घरातल्या बाईंकडे बसून शिकली. गोव्यात क्रोशाचं काम त्या घरांमधूनच आमच्याकडे आलं. तिने बहिणीसाठी शाल घेतली. बाळासाठी सगळेच करतात, बाळंतिणीकडे कोण बघतं, असं तिचं म्हणणं होतं. मला ते फार पटलं. लोकरीऐवजी सुताचा दोरा वापरला, घरच्या यंत्रात धुता यावी म्हणून. बाळाला पाजताना खांद्यावरून पुढे येईल एवढी रुंदी तिने स्वतःच्या अंगावर माप घेऊन ठरवली. दोऱ्याला सातशेच्या आसपास खर्च आला.

डिसेंबरभर वाकळ चालली. खालच्या थराला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मांजरपाट आणलं, दोरा तिथूनच. दोन्ही मिळून पाचशेच्या आत. मांजरपाट धुऊन घ्या, पहिल्या धुण्यात ते आटतं आणि न धुता शिवलं तर वाकळ नंतर गोळा होते. ओसरीवर मांजरपाट पसरायचं, त्यावर लुगड्यांचे थर, हाताने मधून बाहेरच्या बाजूला सुरकुत्या काढत. मग मोठे कच्चे टाके घालून सगळे थर पकडायचे. हे एकट्याने होत नाही. चार कोपऱ्यांना चार माणसं लागतात, म्हणून हे काम रविवारी, सगळे घरी असताना. बाबांनी आयुष्यात सुई धरली नव्हती, त्यांनी ताणून धरायचं आणि खडूने रेघा आखायचं काम घेतलं. त्यांच्या रेघा पट्टीने आखलेल्या. आजी त्या रेघांकडे न बघताच शिवायची आणि तिचा टाका रेघेवरच पडायचा.

आजीला आता सुईत दोरा ओवता येत नाही. मी सकाळी कामाला जाण्यापूर्वी तिच्यासाठी सुया ओवून उशीच्या अभ्र्यावर ओळीने टोचून ठेवायचे. शिवताना ती डावा हात वाकळीखाली ठेवायची. सुईचं टोक खालच्या बोटाला जेमतेम लागलं की ती लगेच वर वळवायची, म्हणजे सगळे थर पकडले गेले हे बोटच सांगतं. एका वेळी सुईवर चार-पाच टाके चढवायचे आणि मग दोरा ओढायचा. ओढताना अंगठ्याने कापड मागे सारायचं, नाहीतर चुण्या पडतात. गाठ वर दिसू द्यायची नाही. दोन थरांच्या मधे सुई घालून हलका झटका द्यायचा, गाठ टप्पकन आत जाते. मी त्या महिन्यात तिच्याजवळ बसून जेवढं ऐकलं तेवढं मागच्या कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. हात गुंतलेले असले की माणूस समोर न बघता बोलतो, आणि न बघता जास्त बोलतो.

संध्याकाळी उठताना सुया मोजायच्या, सकाळी जेवढ्या ओवल्या तेवढ्या परत. पूर्ण झाल्यावर मी वाकळीवरून दोन्ही बाजूंनी लोहचुंबक फिरवलं. बाळासाठी काहीही शिवत असाल तर हे टाळू नका.

एक रेघ आम्ही शिवायची ठेवली. बाळ सुखरूप येईपर्यंत वाकळ पुरी करायची नाही, असं आजीचं म्हणणं. "पयलीं बाळ येवं दी, मागीर गांठ मार." त्यात मी वाद घातला नाही. टपालाची चौकशी करायला मला तेवढा वेळ मिळाला.

चौकशी नाताळातच करायची होती, पण जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या शवाचं दर्शन चालू होतं. २१ नोव्हेंबरपासून ५ जानेवारीपर्यंत. पणजीच्या बाजूची सगळी वाहतूक त्यात अडकलेली. म्हणून आधी आमच्या जवळच्या एका टपाल कार्यालयात विचारलं. तिथे परदेशी पार्सल घेत नाहीत, मोठ्या कार्यालयात जा, एवढंच कळलं. एका खाजगी कुरिअरवाल्याने जो दर सांगितला तो ऐकून मी तिथून निघाले. ६ जानेवारीनंतर कदंब बस पकडून पणजीच्या मुख्य टपाल कार्यालयात गेले. सांतोमेच्या टोकाला, मांडवीजवळची ती जुनी इमारत, पोर्तुगीज काळात तिथे तंबाखूचा व्यवहार चालायचा. वस्तू न नेता नुसती चौकशी करायला गेले ते बरं झालं, कारण काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे सगळं सांगितलं आणि मी ते वहीत लिहून घेतलं.

त्यांनी सांगितलं ते असं. खोका बंद करून आणायचा नाही. आत काय आहे ते तिथे दाखवायचं, मग चिकटपट्टी लावायची. पाठवणाऱ्याचं आधार किंवा पासपोर्ट आणि त्याची सही केलेली प्रत. घेणाऱ्याचा पूर्ण पत्ता इंग्रजीत, पोस्टकोडसह, आणि तिथला फोन नंबर. कस्टमचं घोषणापत्र, त्याचं नाव सीएन २३, हे टपाल खात्याच्या संकेतस्थळावर घरून भरता येतं आणि त्याची छापील प्रत न्यायची. घरची भेट असेल, विक्री नसेल, तर निर्यातीचा परवाना वगैरे लागत नाही. मला हीच सगळ्यात मोठी धास्ती होती, कारण कुणीतरी आयईसी नंबर, म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक, लागतो असं सांगून घाबरवलं होतं. तो धंद्यासाठी लागतो.

फॉर्म भरायला बसले आणि दोन रकान्यांवर अडकले.

पहिला वर्णनाचा. नुसतं 'गिफ्ट' किंवा 'कपडे' लिहून चालत नाही. वस्तू काय, कशाची, किती, हे वेगवेगळं लिहायचं. भेट आहे याची खूण वेगळ्या चौकोनात करायची. मी 'हाताने शिवलेली सुती गोधडी, एक' असं इंग्रजीत लिहिलं. 'वाकळ' तिथे कुणाला कळणार नाही. प्रत्येक वस्तूला एचएस कोड नावाचा आकडा लागतो. गोधड्यांचा ९४०४४० ने सुरू होतो, विणलेल्या शालीचा ६११७१० ने. संकेतस्थळावर शब्द टाकून शोधता येतो, घाबरायचं कारण नाही.

दुसरा रकाना किमतीचा. शून्य लिहिता येत नाही. या एका रकान्यावर आमच्याकडे रात्रीचं जेवण लांबलं. आईला वाटत होतं की मोठा आकडा लिहावा, कमी लिहिला तर आजीच्या कामाचा अपमान. बाबा म्हणाले शंभर रुपये लिही, जुनं तर कापड. आते फोनवर होती, तिने विचारलं की शाल विकायला ठेवली तर किती येतील ते लिहायचं की विणायला किती संध्याकाळी गेल्या ते? आजी ऐकत होती, बोलली नाही.

नियम माहीत असल्याशिवाय हे सुटत नाही, म्हणून तो सांगते. ब्रिटनमध्ये एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेली भेट ३९ पौंडांपर्यंतची असेल तर तिच्यावर तिथे व्हॅट आणि जकात लागत नाही. फेब्रुवारी २०२५ च्या दराने ते साधारण चार हजार दोनशे रुपये होत होते. त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्याला वीस टक्के व्हॅट आणि वर हाताळणीचा आकार भरावा लागतो, तेव्हाच पार्सल हातात मिळतं. एकाच खोक्यात दोन वेगळ्या माणसांच्या भेटी असल्या तर प्रत्येकीला ही सवलत स्वतंत्र मिळते. अट एवढीच की त्या वेगवेगळ्या बांधायच्या, घोषणापत्रात वेगवेगळ्या किमतीसह लिहायच्या. आमच्याकडे वाकळ आणि झबली बाळाच्या नावाने, शाल बहिणीच्या नावाने. हे कळल्यावर अर्धी चिंता गेली.

उरलेली अर्धी अशी मिटली. त्या रकान्यात वस्तूचा बाजारातला खरा भाव विचारतात, माया किती ते विचारत नाहीत. बाजारात अशी हाताची गोधडी काय भावाने मिळते ते बघितलं आणि तो आकडा लिहिला. वाकळीला पंधराशे, झबल्यांना मिळून सहाशे, शालीला बाराशे. मुद्दाम कमी लिहू नका. ते खोटं तर आहेच, आणि पार्सल हरवलं तर भरपाई त्याच आकड्याला धरून होते. आईने फॉर्मची प्रत हातात घेऊन तो आकडा वाचला आणि म्हणाली, "हे त्यांच्यासाठी ठीक आहे." एवढ्यावर ती थांबली. त्या आकड्यात पणजीचं रफू नव्हतं, बाबांच्या रेघा नव्हत्या, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि ते फॉर्मवर असायलाही नको होतं. माझ्या मते घरात हाताने केलेल्या वस्तूचा अर्थच हा की तिच्यासाठी घरातली माणसं एका जागी बसतात. आमच्या घरात आजी आणि आई कितीतरी वर्षांत एका सतरंजीवर बसून एक काम करत नव्हत्या. या वाकळीच्या निमित्ताने बसल्या.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पहाटे फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. बारशाच्या दिवशी तिकडे सकाळ आणि इकडे दुपार असताना व्हिडिओ कॉल लावला. आजीने शेवटची रेघ कॅमेऱ्यासमोर शिवली, गाठ मारली आणि मग बहिणीने नाव सांगितलं. वाकळ पुन्हा एकदा उन्हात घातली.

बांधाबांधीच्या गोष्टी थोडक्यात. कडुलिंबाचा पाला, डांबरगोळी आत घालू नका. पाला म्हणजे पुन्हा वनस्पती, आणि डांबरगोळीचा वास बाळाला वाईट. वाकळ घडी न घालता गुंडाळी केली, स्वच्छ प्लॅस्टिकमध्ये, मग खोक्यात. आतही एका कागदावर दोन्ही पत्ते लिहून ठेवले, बाहेरचा कागद निघाला तर कामाला यावा म्हणून. वजन दीड किलोच्या जरा वर गेलं. दर वजनाच्या टप्प्यांनी वाढतो, तेव्हा खोका शक्य तेवढा हलका घ्या. आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्टला जीएसटी धरून अडीच हजारांच्या आसपास लागले. दर बदलतात, जाण्याआधी संकेतस्थळावर बघा. सामानापेक्षा टपालखर्च जास्त झाला, पण मला तो जड वाटला नाही.

काउंटरवर सकाळी लवकर गेले, गर्दी नव्हती. बाईंनी वाकळ उघडून बघितली, बोट फिरवलं आणि कुणी शिवली म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ती पुन्हा गुंडाळली, माझ्यापेक्षा नीट, मग खोका बंद केला. तेरा अक्षर-आकड्यांचा नंबर मिळाला. ई ने सुरू होणारा आणि आयएन ने संपणारा. पावतीचा लगेच फोटो काढून ठेवा, छपाई पुसट होत जाते.

मग वाट बघणं. पणजी, मुंबई, आणि त्यानंतर बरेच दिवस नंबर टाकला की तीच एक ओळ दिसायची. कस्टममध्ये असताना काही हलत नाही, त्यात घाबरण्यासारखं नसतं, पण हे मला नंतर कळलं. आई रोज संध्याकाळी "आलं का काही?" विचारायची आणि मी नाही म्हणायचे. इतक्या दिवसांत एकदा मात्र छातीत धस्स झालं. हरवलं तर पुन्हा पाठवायला दुसरी वस्तू नव्हती, ते रफू एकच होतं. अशा वस्तूचे पाठवण्याआधी नीट फोटो काढून ठेवा. कपड्याचा, टाक्याचा, कोपऱ्यांचा. आम्ही काढले होते, त्याने थोडा धीर आला. एकदा ब्रिटनमध्ये पोचल्याची नोंद दिसली की पुढे त्यांच्याकडे ही पार्सलं पोचवणाऱ्या पार्सलफोर्सच्या संकेतस्थळावरही तोच नंबर चालतो, आणि तिथली माहिती जास्त लवकर बदलते. कार्निव्हलच्या आदल्या आठवड्यात पार्सल बहिणीच्या दारात पोचलं. वर काही भरावं लागलं नाही.

तिने खोका उघडताना आम्हाला फोन लावला नाही. संध्याकाळी फोटो पाठवला, त्यात बाळ वाकळीवर पालथं होतं आणि मान उचलायचा प्रयत्न करत होतं. बहिणीने लिहिलं होतं की खोका उघडल्यावर घरात आजीच्या पेटाऱ्याचा वास आला आणि तिला शाल अंगावर घेऊन थोडा वेळ रडू आलं, म्हणून तेव्हा फोन केला नाही. आतेला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, पाजताना खांद्यावरून सरकत तर नाही ना ते विचार.

त्यानंतर बहिणीने वाकळ जपून ठेवायची की काय असं विचारलं, एवढी जुनी लुगडी, धुऊन विरतील. आजीने फोन माझ्या हातातून घेतला. "दवरून घालूंक न्हय गो, वापरूंक." तेव्हापासून ती रोज जमिनीवर असते. कोमट पाण्यात, यंत्राच्या हलक्या चक्रावर धुते आणि आडवी घालून वाळवते, लटकवली तर ओल्या वजनाने टाके ताणतात.

ऑगस्टमध्ये एका कोपऱ्याचं फूल सुटायला लागलं. मुलगी ते ओढत असते. बहिणीने तिथला दोरा आणला, पण तो चकचकीत होता आणि जाडीला जुळेना. म्हापशाचा तोच दोरा मी आणून ठेवला आहे, आजीने फूल पुन्हा कसं लावायचं ते मला शिवून दाखवलं आणि मी त्याचा व्हिडिओ काढला. चुलत बहिणीचा मुलगा दिवाळीनंतर तिकडे जाणार आहे, त्याच्याबरोबर दोरा जाईल. त्याला फॉर्म भरावा लागणार नाही.